वीर कोणाला म्हणावे?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा आहे. भाजीची पिशवी सांभाळत त्याच्या शेजारून जाणाऱ्या पुणेकराला त्यात काही विशेष वाटत नाही. इमारतीला नाव एका महापुरुषाचे आणि आवारात पुतळा दुसऱ्याचा, एवढेच. परंतु हे नाव आणि हा पुतळा एकाच वेळी तेथे आलेले नाहीत. पुतळा बसला १९२४ मध्ये आणि त्याचे अनावरण पंडित मोतीलाल नेहरू यांनी केले. त्या वेळी १८८६ मध्ये उघडलेली ही मंडई मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जात होती. तिला जोतीराव फुले यांचे नाव मिळण्यास १९३० चे दशक संपत यावे लागले. आचार्य अत्रे तेव्हा नगरपालिकेच्या कारभारात होते. या दीड दशकाच्या अंतरात पुण्यात एक मोठा वाद झडून गेला होता. वीर कोणाला म्हणावे, हा त्या वादाचा गाभा होता.

हा प्रश्न तेव्हा प्रथमच निर्माण झाला होता, असे नाही. महाराष्ट्राने प्रत्येक काळात आपले वीर नव्याने निवडले आहेत. कधी दगडात, कधी पोवाड्यात, कधी ब्राँझच्या पुतळ्यात, तर कधी विद्यापीठाच्या नावात ही निवड नोंदली गेली. त्या नोंदी एकापुढे एक ठेवून वाचल्या तर वीरत्वाची कल्पना कशी बदलत गेली, हे दिसतेच. पण ती आपोआप बदललेली नाही, हेही दिसते.

दगडातला निनावी वीर

या नोंदींपैकी सर्वांत जुनी म्हणजे वीरगळ. पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत महादेवाच्या किंवा मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेल्या कोरीव शिळा आढळतात. गावकरी त्यांना देव समजून नमस्कार करतात. प्रत्यक्षात त्या लढताना मेलेल्या माणसांची स्मारके असतात. वीरगळाची मांडणी बहुधा ठरलेली असते. सर्वांत खालच्या चौकटीत भूमीवर पडलेला वीर, तिच्या वर लढाईचा प्रसंग, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. जोवर ते आहेत तोवर ही कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ.

पुष्कळ वीरगळांच्या तळाशी गायी कोरलेल्या असतात. गावची गुरे पळवून नेणाऱ्या टोळीला अडवताना हा माणूस कामी आला, एवढे त्यावरून समजते. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. तिचा संबंध यादव आणि शिलाहार यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाशी जोडला जातो. कर्नाटकातील अशा शिळांवर लेख विपुल आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र मुके आहेत. त्यांवर नाव नाही, तिथी नाही.

या काळातला वीर राज्यासाठी लढलेला असेलच असे नाही. तो गावासाठी, गावाच्या शिवेवर, गावाच्या गोधनासाठी लढला. त्याचे नाव आजूबाजूच्या चार घरांना ठाऊक होते, तेवढे पुरेसे होते. ती घरे गेली आणि नावही गेले. शेजारीच कोपरापासून दुमडलेला, बांगड्या ल्यालेला हात कोरलेली सतीशिळा उभी असते. त्या काळाने स्त्रीला देऊ केलेले गौरवाचे स्थान ते एवढेच.

पोवाड्याने नाव दिले

सतराव्या शतकात स्वराज्याची स्थापना झाली आणि वीराला नाव मिळाले. अफजलखानाच्या वधावरचा अग्निदासाचा पोवाडा आणि सिंहगडाच्या लढाईवरचा तुळशीदासाचा पोवाडा हे शिवकालातले म्हणून सांगितले जातात. शाहिराची डफ-तुणतुण्याची साथ आणि ऐकणाऱ्यांचा जमाव यांमुळे वीराची कीर्ती गावाची शीव ओलांडून देशभर पसरू लागली. तो आता केवळ गुरांसाठी लढत नव्हता, तर एका राज्याच्या कल्पनेसाठी लढत होता.

४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर पडलेले तानाजी मालुसरे हे या नव्या वीरत्वाचे ठळक उदाहरण. घरचे लग्न बाजूला ठेवून निघालेला सुभेदार, हे चित्र मराठी मनात कायमचे कोरले गेले आहे. तानाजी पडले म्हणून गडाला सिंहगड हे नाव मिळाले, असेही सर्वत्र मानले जाते. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने ती समजूत घराघरांत नेली. मात्र १६६३ च्या शिवकालीन पत्रात या गडाचा उल्लेख सिंहगड असाच आढळतो. म्हणजे नाव आधीचे आणि कथा नंतरची. त्याने तानाजींचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही. लोकांना आपल्या वीराचे स्मारक म्हणून अख्खा गडच द्यावासा वाटला, हे मात्र त्यावरून कळते.

पोवाड्यालाही आपली निवड होती. पन्हाळ्याच्या वेढ्यातून १६६० मध्ये महाराज निसटले तेव्हा खिंड लढवणारे बाजीप्रभू देशपांडे घराघरांत पोहोचले. त्याच रात्री महाराजांचे सोंग घेऊन शत्रूच्या हाती जाणारे नाभिक समाजातील शिवा काशीद यांचे नाव मात्र पुष्कळ काळ त्यांच्या मागेच राहिले. दोघांनीही मरण ओळखून पत्करले होते. फरक होता तो पुढे त्यांची कथा कोणी सांगितली आणि कोणी ऐकली याचा.

पराभवाचे काय करायचे?

विजयी वीर सांभाळणे सोपे असते. पराभूत वीराचे काय करायचे, हा प्रश्न १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांपुढे उभा राहिला. त्या दिवसाने पुण्यातील घरेच्या घरे ओस पाडली आणि नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. भाषेने या घटनेची नोंद कठोरपणे केली. ‘पानिपत होणे’ म्हणजे धुव्वा उडणे, हा वाक्प्रचार आजही क्रिकेटच्या बातमीपासून निवडणुकीच्या निकालापर्यंत सर्वत्र वापरला जातो. पराभवातही शौर्य असू शकते, ही जाणीव रुजायला दीर्घ काळ जावा लागला. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीला लाभलेला प्रचंड वाचकवर्ग हा त्या बदलाचा एक पुरावा मानता येईल. हरलेला सेनापती आता केवळ दोषी राहिला नाही. तो शोकाचा आणि आदराचा विषय झाला.

पुण्याजवळच कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईचा स्तंभ याहून गुंतागुंतीची कथा सांगतो. तो उभारला ईस्ट इंडिया कंपनीने, आपल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. पेशव्यांच्या बाजूने लढून पडलेल्यांची नावे त्यावर नाहीत. स्मारक उभारणाऱ्याचीच माणसे स्मारकावर येतात. पण कंपनीच्या त्या सैनिकांत महार जवान मोठ्या संख्येने होते आणि त्यांची नावे दगडावर राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथे भेट दिली, तेव्हा या स्तंभाचा अर्थ पालटला. साम्राज्याच्या विजयाचे ते चिन्ह, ज्यांचे शौर्य समाजाने मोजलेच नव्हते त्यांच्या शौर्याचे आणि स्वाभिमानाचे चिन्ह ठरले. दगड तोच, अक्षरेही तीच. वाचणारे बदलले आणि वीर बदलला.

एक राजा, दोन वाचने

एकाच वीराची दोन वाचने होऊ शकतात, हे एकोणिसाव्या शतकातील पुण्याने दाखवून दिले. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. त्यांच्या दृष्टीने महाराज हे प्रथम शेतकऱ्याचे राजे होते. पुढे १८९५ मध्ये रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकमान्य टिळकांनी निधी उभारण्याची चळवळ हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी रायगडावर उत्सव झाला. टिळकांच्या दृष्टीने महाराज हे परक्या सत्तेविरुद्ध उभ्या राहणाऱ्या राष्ट्राची प्रेरणा होते. फुल्यांना समाजाच्या आतला अन्याय दिसत होता, टिळकांना बाहेरून आलेला.

याला आणखी एक पदर आहे. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा शिल्पकार विनायकराव करमरकर यांनी घडवला. या स्मारकाची कल्पना कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी पुढे नेली होती. त्याची पायाभरणी १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने केली आणि १९२८ मध्ये अनावरण केले ते मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराने! ज्या राजाच्या उत्सवातील भाषणे १८९७ मध्ये टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्याला निमित्त ठरली, त्याच राजाला तीन दशकांत राज्यकर्तेही मानवंदना देत होते. वीराच्या प्रतिमेवर हक्क सांगण्याची निकड सर्वांनाच भासते, ती अशी.

१८९७ : एक शहर, दोन शौर्ये

पुण्यातील वीरत्वाची कथा एका वर्षात सांगायची झाली, तर ते वर्ष १८९७. शहरात प्लेग थैमान घालत होता. सावित्रीबाई फुले तेव्हा पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन या दवाखान्यात आणले, असे सांगितले जाते. या सेवेतच त्यांना प्लेगचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेग कमिशनर वॉल्टर रँड गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधून परतत होता. प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली घराघरांत झालेल्या जुलमाने शहर धुमसत होते. चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. तो काही दिवसांनी मरण पावला. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले.

एकाच रोगाने, एकाच शहरात, एकाच वर्षी दोन प्रकारची माणसे उभी केली. एकांनी मरण दिले आणि मरण स्वीकारले; दुसरीने कोणावरही हात न उगारता मरण स्वीकारले. स्वातंत्र्याची आस लागलेल्या पिढ्यांनी चाफेकरांना क्रांतिवीर म्हटले, आणि ते स्वाभाविक होते. सावित्रीबाईंना ‘वीर’ म्हणण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही. सेवा ही स्त्रीचा धर्म समजली जात होती; धर्म पाळला म्हणून कोणी वीर ठरत नसते. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाल्यानंतर रस्त्यात अंगावर शेण आणि दगड झेलत वर्गात जाणे, हेही त्या काळाच्या हिशेबात शौर्य नव्हते.

हा हिशेब पालटायला शतकाहून अधिक काळ लागला. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचे नामांतर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे झाले. या विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजेच ते जुने गव्हर्नमेंट हाउस. रँड ज्या वास्तूतून त्या रात्री बाहेर पडला, तिच्यावर आज प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर वाहून नेणाऱ्या स्त्रीचे नाव आहे. भिडे वाड्याची मूळ वास्तू मात्र तोवर मोडकळीस आली होती. दीर्घ न्यायालयीन वादानंतर राष्ट्रीय स्मारकासाठी ती डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. नाव मोठे होईपर्यंत भिंती थांबल्या नाहीत.

पुतळ्याचा वाद

आता मंडईकडे परत येता येईल. टिळकांचा पुतळा उभा राहिल्यावर, १९२५ च्या सुमारास, केशवराव जेधे यांनी महात्मा फुले यांचा पुतळा शहरात उभारावा, असा प्रस्ताव पुणे नगरपालिकेत मांडला. त्याला कडवा विरोध झाला आणि तो बारगळला. शहर दोन तटांत विभागले गेले. दिनकरराव जवळकर यांच्या ‘देशाचे दुश्मन’ या जहाल पुस्तिकेवरून खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने जवळकर-जेध्यांना दोषी ठरवले. अपिलात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली आणि ते सुटले.

या वादात दोन्ही बाजूंची भाषा तिखट होती. मात्र ज्यांच्या नावाने तो झाला, त्या दोघांचे नाते एवढे सरळ नव्हते. कोल्हापूर प्रकरणात शिक्षा भोगून १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर सुटले, तेव्हा त्यांच्या स्वागतात फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींचा पुढाकार होता. वीरांपेक्षा त्यांचे अनुयायी अधिक कठोर असतात, हा अनुभव काही पुण्यापुरता नाही.

फिलिपिन्समध्येही नेमक्या याच काळापासून असा वाद चालू आहे. तेथील डॉक्टर आणि कादंबरीकार होसे रिझाल यांना स्पॅनिश सत्तेने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात गोळ्या घातल्या. सशस्त्र उठावाचे नेते आंद्रेस बोनिफासियो यांना पुढच्याच वर्षी क्रांतिकारकांतील प्रतिस्पर्धी गटाने ठार केले. लेखणीचा वीर मोठा की तलवारीचा, यावर तो देश आजही दुभंगतो. वीरासाठी तेथील शब्द आहे ‘बयानी’. शेजाऱ्याचे घर सर्वांनी खांद्यावर उचलून नव्या जागी नेण्याच्या प्रथेला ‘बयानिहान’ म्हणतात. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी परदेशात राबणाऱ्या घरकामगार स्त्रियांना ‘नव्या वीर’ म्हटले. त्यावर टीकाही झाली: ज्यांना पोटासाठी देश सोडावा लागतो, त्यांना वीर म्हटले की सरकारची जबाबदारी संपते काय? हा प्रश्न मराठी वाचकानेही लक्षात ठेवावा असा आहे.

साधा माणूस पुढे येतो

विसाव्या शतकात वीर हळूहळू घोड्यावरून खाली उतरला. १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या ‘प्रभात’च्या चित्रपटांचे नायक आठवावेत. ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये नायक आहे देहूचा वाणी; ‘माणूस’ (१९३९) मध्ये तो साधा पोलीस शिपाई आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण गमावलेले शंभराहून अधिक लोक सैनिक नव्हते. त्यांत कामगार होते, विद्यार्थी होते. त्यांच्यासाठी ‘हुतात्मा’ हा शब्द रूढ झाला आणि त्यांच्या नावाने मुंबईत चौक उभा राहिला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराचे जवान खचत्या बांधावर वाळूची पोती रचत होते. त्यांच्या श्रमांमुळे धरण रात्रीच्या अंधारात न फुटता दिवसा फुटले आणि झोपेत वाहून गेली असती अशी हजारो माणसे वाचली. पुण्यात पानशेतचा पूर सर्वांना ठाऊक आहे. त्या जवानांपैकी एकाचेही नाव सहसा कोणाला सांगता येत नाही. निनावी वीरगळाची परंपरा विसाव्या शतकातही चालूच राहिली, फक्त शिळा उभारायची राहून गेली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरल्या. पण सहकारी वाचले आणि कसाब जिवंत हाती लागला. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या माणसाला २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. २०२१ मध्ये कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी त्यांच्या नावावरून ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले. आता वीराचे नाव शास्त्राच्या यादीतही जाऊ लागले आहे.

चंद्रसूर्य असेपर्यंत

गुरे राखताना पडलेला गावकरी, गड घेताना पडलेला सुभेदार, फासावर गेलेले क्रांतिकारक, पाठीवर मूल वाहणारी शिक्षिका आणि बंदुकीची नळी धरणारा पोलीस, या साऱ्यांत साम्य शोधू गेल्यास एकच सापडते: पळून जाणे शक्य असताना ही माणसे दुसऱ्यासाठी जागेवर उभी राहिली. ही कसोटी फारशी बदललेली नाही. बदलत गेला आहे तो समाजाच्या नजरेचा पल्ला. ती नजर एकेकाळी गावाच्या शिवेपर्यंत पोहोचत होती, पुढे राज्यापर्यंत, राष्ट्रापर्यंत गेली. आणि फार उशिरा ती शाळेच्या वर्गापर्यंत आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत आली. प्रत्येक वेळी ती कोणीतरी वाद घालून, प्रसंगी खटले अंगावर घेऊन वाढवली आहे.

या विस्तारात एक धोकाही आहे. २०२० च्या महासाथीत परिचारिका आणि सफाई कामगार यांना ‘कोविड योद्धे’ म्हणून गौरवण्यात आले, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. परंतु योद्धा म्हटल्याने हातमोजे, विमा किंवा वेळेवर वेतन आपोआप मिळत नाही. एखाद्याला वीर म्हणणे सोपे असते. त्याच्यावर वीर होण्याची वेळ येऊ नये, अशी व्यवस्था उभारणे अवघड असते. रँडची जुलमी तपासणी, प्लेगचा माळावरचा दवाखाना आणि पानशेतचा खचता बांध या तिन्ही ठिकाणी कोणाला तरी वीर व्हावे लागले, कारण त्यापूर्वी कोणाची तरी जबाबदारी चुकली होती.

मंडईच्या आवारातील टिळक आणि इमारतीवरचे फुले आज निमूटपणे एकत्र नांदत आहेत. शंभर वर्षांपूर्वी ज्यावरून शहर दुभंगले, त्याच्या सावलीत आज मेथीच्या जुडीचा भाव ठरतो. देवळाबाहेरच्या वीरगळावर गावकरी अजूनही शेंदूर लावतात. तो कोणाचा, हे त्यांना ठाऊक नाही; आपल्यासाठी कोणीतरी उभे राहिले होते, एवढेच त्यांच्या ध्यानात आहे.